झाडाचं जावळ

तात्याबाच्या तोंडाला कुलूप घालणारा माणूस निमोण्यात अजून जन्माला यायचा होता. बढाई मारावी तर तात्याबानं. आणि खोटं कशाला बोला, निम्म्याअधिक बढाया खऱ्याच असायच्या. ऐन उमेदीत भीमेच्या काठानं पार दौंडच्या पल्याड त्याच्या कातरीचं नाव होतं. मेंढरू एकदा त्याच्या गुडघ्यात आलं, की लोकर अशी उतरायची, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावरची वाकळ काढून घ्यावी. 'माझ्या कातरीनं कवा रगात बघितलं न्हाई,' असं तो सांगायचा आणि ऐकणाऱ्याला मान डोलवावीच लागायची. मान डोलवल्याबिगर तात्याबा उठूच द्यायचा नाही.

पण ते दिवस सरले. पोरगा हनुमंत रांजणगावच्या कंपनीत लागला, कायम झाला आणि एक दिवस म्हणाला, "आबा, आता पुरं झालं रानोमाळ हिंडणं." कळप गेला. दारात चार शेळ्या तेवढ्या राहिल्या. कातर तेलाच्या फडक्यात गुंडाळून तात्याबानं आढ्याला खोचून ठेवली, आणि त्याच्या हाताला जे काम राहिलं नाही ते सगळं जिभेकडं गेलं. त्याची बायको गिताबाई म्हणायची, "मेंढरं इकली, पर त्यांचं वरडणं ह्यांनी ठिवून घेतलं."

अशा घरात ते झाड आलं.

हनुमंताच्या कंपनीत मशीन बसवायला एक इटलीचा साहेब आला होता. वर्षभर हनुमंत त्याच्या हाताखाली होता. साहेब शिरूरला बंगला भाड्यानं घेऊन राहायचा, आणि तिथं कुंडीत त्यानं आपल्या मुलखाचं एक झाड लावलं होतं. परत निघताना ती कुंडी त्यानं हनुमंताच्या हातात दिली. हनुमंतानं ती कंपनीच्या बसमधनं मांडीवर घेऊन आणली. ऑलिव्ह म्हणतात त्याला. तिकडं त्याच्या फळांचं तेल काढतात. इकडच्या उन्हाला फळ धरेल न धरेल, पण झाड चिवट आहे, जगेल, असं साहेबानं सांगितलं होतं. शेजारच्या अनसाबाईला नाव अळीवासारखं वाटलं. लेक बाळंतपणाला आलेली, तेव्हा लाडवाला बी कधी मिळेल ते विचारून ती दोनदा जाऊन आली. तिला समजावता समजावता गिताबाईच्या नाकी नऊ आले.

झाड लावलं ते हनुमंताच्या बायकोनं, पूनमनं. पूनम कासुर्डीची, बारावी झालेली, कामाला वाघीण आणि बोलायला कमी. तिनं अंगणात उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा धरली. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बाभळीचे काटे रोवले. झाड लागलं. पानं बारकी, वरून हिरवी, खालून राखाडी. वारा आला की सगळं झाड रंग बदलायचं. येणारा जाणारा विचारायचाच, "काय झाड म्हणायचं हे?" आणि तात्याबा सांगायचा, "इटलीचं हाय." जसा काही तो स्वतः जाऊन घेऊन आला होता.

तिसऱ्या वर्षी मात्र झाडाचं झुडूप झालं. बुडातनं धुमारे फुटले, फांद्या एकमेकींत घुसल्या, आतल्या पानांना ऊन मिळेना, ती पिवळी पडून गळू लागली. साहेब हनुमंताला सांगून गेला होता, की तिसऱ्या वर्षी थंडी सरली की छाटायचं. मधला भाग मोकळा करून तीन-चार दांडग्या फांद्या चहूबाजूंना ठेवायच्या, वाडग्यासारखा आकार आणायचा. सांगून तो गेला. छाटायचं कुणी? हनुमंताला मशीनचा नट न् नट ठाऊक, पण झाडावर हत्यार चालवायचं म्हटलं की त्याचा हात पुढं होईना. साहेबानं दिलेलं झाड आपल्या हातनं मेलं तर?

एके दिवशी देवळापुढच्या पारावर ही गोष्ट निघाली. बापूसाहेब बसले होते. गावातली मोठी असामी, सोसायटीचे जुने चेअरमन, डाळिंबाची बाग सगळ्या तालुक्यानं बघायला यावं अशी. ते म्हणाले, "हनुमंता, माझा माळी पाठवतो. छाटणीत त्याचा हात बसलाय."

"माळी कशाला?" तात्याबा पारावरनं ताडकन उतरला. "मी हाय की!"

"अरे तात्याबा, मेंढरू न्हाई ते."

"म्हनूनच सोपं हाय, बापूसायेब. मेंढरू पळतं. झाड कुठं पळतंय? पहिली कातरणी हाय त्याची, म्हंजी जावळ. कोकराचं जावळ काढतो तसं काढतो. येत्या रविवारी या माझ्या दारात. समदे या. जेवायलाच या!"

लोक हसले, पण येतो म्हणाले. तात्याबा मिशीला पीळ देत घराकडं वळला. बोळाच्या कोपऱ्यावर आला तेव्हा त्यानं उजवा हात हळूच सदऱ्याच्या खिशात घातला.

कारण एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. दिवाळीपासून त्याचा उजवा हात कापायला लागला होता. आधी नुसती बोटं, मग मनगट. सदऱ्याची गुंडी लावायला तो भिंतीकडं तोंड करायचा. विडी पेटवताना काडी धरायचा डाव्या हातानं. उभ्या जन्मात ज्या हातावर मिजास केली, तोच हात आता त्याचं ऐकत नव्हता. आणि रविवारी सगळं गाव तो हात बघायला येणार होतं! आता तोंडावर आपटायचं की काय, ह्या विचारानं त्याला भाकर गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नाही असं बघून त्यानं कातर काढली. धनगराची कातर ती, मागं लोखंडी कमान, पुढं दोन लांब पाती. घरामागं जाऊन त्यानं लिंबाची एक कोवळी फांदी धरली आणि पाती लावली. हातानं झोल घेतला. पातं फांदी सोडून भलतीकडंच मिटलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याला स्वतःचाच असा राग आला, की त्यानं हातालाच शिवी हासडली.

"मामा, चहा."

मागं पूनम उभी. ती कधी घरी परतली त्याला कळलंच नव्हतं. कप पुढं केलेला. नेहमीसारखा अर्धाच. हल्ली सुनेनं हे अर्ध्या कपाचं खूळ काढलं होतं, आणि त्यावरनं तात्याबाची रोज कुरकुर असायची. आता तर सगळा राग त्या कपावरच निघाला.

"चहा देयाचा तर भरून दे की! दुधाचा काय दुष्काळ पडलाय का?"

पूनमनं खाली बघितलं. मग हळूच म्हणाली, "भरून दिला की सांडतोय, मामा."

तात्याबानं कातर खाली टेकवली. 

"कवापास्नं ठाव हाय तुला?"

"संक्रांतीपास्नं."

"कुणाला सांगितलंस?"

"न्हाई. ह्यांना पण न्हाई."

त्याला तिचा राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. तो तिथंच दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी कप धरून चहा प्याला. लपवायचं आता काय राहिलं होतं?

"मामा, ताप आलाय म्हनून सांगू का रविवारी?"

"ताप?" तो उसळला. "म्हंजी बापूसायबाचा माळी यील आन् माझ्या अंगणात कातरणी करील! त्यापरीस मी मेलो असं सांग!"

"मग असं करू. मी फांदी घट्ट धरते. हलू देत न्हाई. तुम्ही कातरा."

हे रीतीला धरून होतं. त्यांच्यात कातरणीला मेंढरू धरायचं काम बाईचं आणि कातर चालवायची बाप्यानं. बाई कातर हाती धरत नसे. तात्याबानं मान हलवली. फांदी हलली नाही तर हातही सावरेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग आठवडाभर रोज दिवस कलला की सासरा-सून झाडाभोवती फिरायची. तात्याबाला गप्प बसून काम करता येत नसे, तो सांगत सुटायचा. "मेंढरू आधी पाठीवर पाडायचं. पाठ समद्यांना दिसती, खरी गोम पोटात असती. तिथं वारं लागत न्हाई, ऊन लागत न्हाई, गोचिडं तिथंच बसत्यात. म्हनून पोट आधी मोकळं करायचं. पाठ मागनं." पूनम ऐकायची, एखादी फांदी बाजूला सारून आत डोकावायची आणि एखादाच प्रश्न विचारायची. असा प्रश्न, की तात्याबाला क्षणभर थांबावं लागायचं. त्याला ते आवडायचं. अर्थात तसं तो म्हणणार नाही.

रविवार उजाडला. माघाचं ऊन छान पडलं होतं. अंगण सारवलेलं, चुलीवर आमटी रटरटत होती, लापशीचा वास गल्लीभर सुटला होता. माणसं जमली. बापूसाहेब आले, खुर्चीवर बसले. जाकिटाच्या खिशातनं त्यांच्या बागेच्या कात्रीची लाल मूठ मुद्दामच बाहेर डोकावत होती. "राहू दे आपली जवळ, लागली तर," ते म्हणाले. तात्याबानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. बिरोबाच्या नावानं नारळ फोडला. गिताबाईनं कातरीला हळदकुंकू लावलं.

"जावळ हाय तर मामा कोण झाडाचा?" अनसाबाईनं चेष्टा केली.

"इटलीला ऱ्हातो त्यो," गिताबाई म्हणाली. "रजा मिळाली न्हाई त्येला." अंगण हसलं.

पूनमनं पदर खोचला, बुडातला एक धुमारा दोन्ही हातांनी धरला. तात्याबानं पाती लावली. कट्! गेला. दुसरा धुमारा. कट्! तोही गेला. तात्याबाच्या छातीत हवा भरली. "बघा!" तो म्हणाला, आणि तिथंच चुकला. तिसऱ्याला पाती लावताना हातानं एकदम उसळी घेतली, कातर सटकली आणि मागच्या दांडग्या फांदीवर जाऊन लागली. साल खर्रकन सोलली गेली. आतलं पांढरं लाकूड सगळ्या अंगणाला दिसलं.

 "हळद आणू का?" गिताबाईच्या तोंडून गेलं; मेंढराला कापलं की हळद लावायची, तेवढंच तिला सुचलं.

बापूसाहेब खुर्चीतनं पुढं वाकले. "तात्याबा," ते म्हणाले, "हात कापतोय व्हय रे तुझा?"

त्यांनी हसून विचारलं असतं तर बरं झालं असतं. चांगलं खणखणीत उत्तर देता आलं असतं. पण त्यांनी मायेनं विचारलं, आणि ते तात्याबाच्या वर्मी लागलं. हनुमंत लगबगीनं पुढं झाला. "आबा, ऱ्हाऊ द्या. बसा तुम्ही. माळ्याला निरोप धाडतो..."

तात्याबाच्या जिभेवर सबबी तयार होत्या. डोळ्यावर ऊन आलं. कातरीची कमान सैल झाली. सुनेनं फांदी हलवली. हो, हीसुद्धा! ह्यातली कुठलीही फेकली असती तर अब्रू वाचली असती. त्यानं पूनमकडं बघितलं. ती धुमारा सोडून उभी राहिली होती आणि तिनं हात पुढं केला होता, तळवा वर.

"मामा, तुम्ही धरा. मी कातरते."

"अगं बाई," गिताबाई चाचरली, "कातर आपण हातात..."

पूनमचा हात तसाच पुढं. तात्याबाला त्या हाताची मोठी मौज वाटली. मागत नव्हता, विनवत नव्हता. कामाच्या माणसानं हत्यारासाठी करावा तसा हात. त्याच्या बापानं त्याच्याकडं कातर दिली तेव्हा आपला हात असाच होता का, हे त्याला आठवेना. त्यानं कातर तिच्या हातावर ठेवली.

"जवळनं काप," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खुंटी ठेवू नगस."

आणि तो गुडघे टेकून खाली बसला. दोन्ही मुठींत त्यानं धुमारा आवळला. गंमत बघा, घट्ट धरल्यावर हात कापेना.

कातर चालू लागली. पूनम सावकाश कापत होती, पण एक घाव फुकट जात नव्हता. धुमारे गेले, आत घुसलेल्या काटक्या गेल्या. तात्याबा धरत होता आणि तोंडानं सांगत होता, "ही. आता ती. वाकडी हाय ती काढ." माणसांची धाकधूक गेली, गप्पा सुरू झाल्या. शेवटी राहिल्या चार फांद्या आणि पाचवी, सगळ्यांत जाडजूड, मधोमध सरळ वर गेलेली.

"आता ही घराकडची बारकी काढ," तात्याबा म्हणाला. "आन् मधला गडी ठिवायचा. बघ कसा पैलवानावाणी हुबा हाय! लोकांनी रस्त्यावरनं बघितलं तर हाच दिसंल."

पूनमनं कातर खाली ठेवली. आणि भरल्या अंगणात, सासऱ्यासमोर, बापूसाहेबांसमोर, ती सरळ झाडाखाली पाठीवर पडली आणि वर बघू लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मामा," ती तशीच पडून म्हणाली, "हा पैलवानच पोटात बसलाय. ह्याच्याच सावलीत समदी हायेत. हा काढायचा. बारकी ठिवायची, तिला आता ऊन मिळंल."

"काय बोलतीस! झाडाचा कणा हाय त्यो!"

"पोट आधी मोकळं करायचं म्हणलाव तुम्ही."

"पूनम, मी ठेव म्हनतोय!"

आवाज चढला.  सून अशा वेळी खाली मान घालते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे तिची मान खाली जायची वाट बघत होते. पूनम उठली, पाठीची माती झटकली आणि नवऱ्याला म्हणाली, "करवत द्या."

हनुमंतानं बापाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि बिचारा दोघांच्या मधे खांबासारखा उभा राहिला. शेवटी तिनंच जाऊन ओट्यावर जाड फांदीसाठी आणून ठेवलेली करवत उचलली. झाडाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता, श्वास जोरात चालला होता, पण डोळे सासऱ्यावरनं हलले नाहीत.

"मामा, धरणार का सोडणार? न धरता कापली तर पडताना साल घेऊन पडंल."

हे खरं होतं. आता आली का पंचाईत! जी फांदी राहावी म्हणून एवढा हट्ट, तीच आपल्या हातानं धरून कापू द्यायची. तात्याबानं ओठ चावला. मग पुढं झाला आणि पैलवानाला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

करवत चालली. भुसा त्याच्या पागोट्यावर पडला. फांदी सुटली, तिचं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं. त्यानं ती हळूच बाजूला आडवी ठेवली आणि वळून बघितलं.

झाड उघडलं होतं. चार फांद्या चार दिशांना वर गेलेल्या, मधे नुसतं आभाळ. ऊन थेट खोडाच्या बेचक्यात उतरलं होतं. आणि जी बारकी फांदी तो काढायला सांगत होता, तीच घराची बाजू भरून काढत होती. ती गेली असती तर झाड एका अंगानं उघडं पडलं असतं, कायमचं. तात्याबा झाडाभोवती एक फेरी फिरला. मग दुसरी फिरला.

बापूसाहेब उठून आले. त्यांनीही बघितलं, वरून, खालून. बागेचा माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. तात्याबाच्या खांद्यावर हात ठेवून ते मोठ्यानं म्हणाले, "मानलं गड्या तुला! हात थकला आसंल, पण नजर तुझीच. तू सांगितलंस म्हणून तिला जमलं."

झालं. मान आयता ताटात वाढून आला होता, वर तूपसुद्धा घातलेलं. तात्याबानं नुसतं मिशीवरनं हात फिरवायचा अवकाश होता. लोकही वाट बघत होते, आता हा किती वेळ चालवतोय.

"न्हाई, बापूसायेब," तात्याबा म्हणाला.



"हात गेलाय माझा. त्ये समद्यांनी बघितलं, आता काय झाकायचं? पर नजर बी आज माझी न्हाई. मी बारकी काढाया सांगत हुतो. मी वरडलो. तुमी ऐकलं की! तिनं माझं ऐकलं असतं तर झाडाचं वाटोळं झालं असतं, आन् मी जलमभर सांगत हिंडलो असतो, की बघा किती झ्याक कातरलंय." त्याचे डोळे भरून आले आणि आवाज मात्र वाढत गेला. "मी पुरा जलम कातर धरली. पर बापानं चुकीचं सांगितलं तवा त्येच्या तोंडावर न्हाई म्हनायची छाती मला कवा झाली न्हाई. हिला झाली! माझ्या सुनंला झाली! समद्या गावाच्या देखत झाली!"

गिताबाईनं डोळ्याला पदर लावला. हनुमंत बायकोकडं असा बघत होता, जशी काही ती आजच लग्न होऊन आली होती. पूनम खाली बसून पाती पुसत होती, पण कानाच्या पाळ्या तांबड्यालाल झाल्या होत्या.

बापूसाहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मग सूनबाई, मृगाच्या बहराला आमच्या डाळिंबाची छाटणी निघंल. याल का तुम्ही?"

पूनमनं सवयीनं सासऱ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" तात्याबा म्हणाला. "कातर तुझी. तूच सांग."

पूनम उभी राहिली. "येते," ती म्हणाली. "पण मामांना संगं आणीन. फांदी धरायला जाणतं माणूस लागतंय."

सगळ्या माना तात्याबाकडं वळल्या. उभ्या तालुक्यात कातरीचं नाव गाजवलेला माणूस, आता सुनेच्या हाताखाली फांदी धरायला जाणार का?

तात्याबानं पागोट्यावरचा भुसा झटकला, छाती काढली आणि बापूसाहेबांकडं बघून म्हणाला, "यीन की! माझ्यासारखी फांदी धरणारा दुसरा हाय का कोण ह्या तालुक्यात?"